पालकाचे नाव

तहसीलदारांना जंताचं औषध द्यायचं होतं आणि तहसीलदार पलंगाखाली जाऊन बसले होते.

"साहेब, बाहेर या की," रेवती फरशीवर गाल टेकवून म्हणाली. "परदेशी जायचंय आपल्याला."

पलंगाखालचं काळं नाक आणखी चार इंच मागं सरकलं.

"अशानं येत असतोय काय तो?" अप्पा वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले. "तहसीलदार हाय. रीतसर अर्ज करावा लागतोय." मग त्यांनी चहाची बशी खुर्चीशेजारी ठेवली. नुसती ठेवली, हाक मारली नाही. तहसीलदार बाहेर आले, बशीपाशी बसले आणि अप्पांच्या पावलावर हनुवटी टेकवून रेवतीकडे बघू लागले. रेवतीनं गोळी पुढं केली. त्यांनी तोंड फिरवलं. अप्पांनी तीच गोळी घेऊन पुढं केली, ती गेली.

हे कुत्रं कागदोपत्री रेवतीचं होतं. म्हणजे आणलं तिनं. आई गेली त्या वर्षी मार्केट यार्डातल्या वजनकाट्याखाली सापडलेलं दोन महिन्यांचं पिल्लू ओढणीत गुंडाळून ती घरी आली, तेव्हा अप्पा म्हणाले होते, "कुत्रं घरात येणार न्हाई." आठवडाभरानं त्यांनी निरीक्षण नोंदवलं, की हा बोलावल्यावर येत नाही, आला की सगळे उठून उभे राहतात आणि गेल्यावर बघावं तर काम तिथंच असतं. त्यावरून नाव पडलं. दुसऱ्या आठवड्यात ते त्याला स्वतःच्या ताटातली भाकरी देऊ लागले. "टाकून द्यायची ती दिली," असं सांगायचे. भाकरी त्यासाठी एक जास्त थापायला लावायचे.

अप्पा म्हणजे भूपाल आदगोंडा मगदूम. सांगलीच्या यार्डात त्यांची बत्तीस वर्षं हळदीची प्रत ठरवण्यात गेली. हळकुंड मोडायचं, हुंगायचं आणि गाव सांगायचं. आता ते काम यंत्र करत होतं. यंत्र एका सेकंदात शंभर हळकुंडं बघतं पण एकही हुंगत नाही, हा अप्पांचा आवडता विषय होता. निवृत्तीला सहा वर्षं झाली तरी त्यांच्या अंगाचा हळदीचा वास गेला नव्हता. लग्नात ह्यांना हळद लागली ती उतरलीच नाही, असं आई म्हणायची.

रेवतीला समुद्री शेवाळापासून खोकी बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली होती. ती कंपनी उत्तरेकडच्या एका देशात होती. त्या देशाचं नाव उच्चारताना अप्पांची कवळी हलायची, म्हणून ते त्याला 'फ्रीज' म्हणायचे. "फ्रीजमध्ये भाजी मिळती का गं?" "फ्रीजात जिनालय असंल काय?" एकदा मात्र त्यांनी पेपरची घडी घालत विचारलं होतं, "आणि हा तुझा तहसीलदार? ह्यालाबी घेऊन जा. मला न्हाई झेपत ह्या वयात."

रेवतीनं हे वाक्य लगेच उचलून जपून ठेवलं. ते खरं नाही हे तिला कळत होतं. पण फ्रीजमध्ये ती एकटी पडणार होती, दुपारी साडेतीनलाच अंधार पडणार होता, आणि अप्पा स्वतःच्या तोंडानं 'घेऊन जा' म्हणाले होते. पुढे कधी कुणी विचारलं तर दाखवायला तिच्याकडे हे एक वाक्य होतं.

*

विश्रामबागेत 'प्राणी निर्गमन सुविधा केंद्र' नावाचं कार्यालय होतं. तिथं कोष्टी नावाचे तंत्रज्ञ बसत. लांब चेहऱ्याचे, हसू न येणारे गृहस्थ. त्यांच्या टेबलावर लोकरीचं मांजर होतं, त्याच्या गळ्यात नमुना म्हणून चिप बांधलेली होती.

"नाव?"

"तहसीलदार."

"साक्षांकनाचं नंतर बघू. प्राण्याचं नाव सांगा."

"तेच आहे."

कोष्टींनी एकदा तहसीलदाराकडे पाहिलं. तहसीलदारांनी त्यांच्याकडे पाहिलं. कोष्टी खुर्चीत जरा सावरून बसले.

यादी लांब होती. आधी चिप, मग रेबीजची लस. उलटं झालं तर लस झालीच नाही असं धरतात, कारण ती नेमकी कुणाला झाली हे सांगता येत नाही. महिन्यानं रक्त तपासायचं, प्रतिपिंडं पुरेशी आहेत का बघायचं. निघण्यापूर्वी पुन्हा जंताचं औषध. पिंजरा असा हवा की प्राण्याला उभं राहता, वळता आणि 'समाधानाने पहुडता' आलं पाहिजे. आणि एक नऊ पानी अर्ज. त्याचं पहिलं पान म्हणजे बालवाडीपासून इंजिनिअरिंगपर्यंतच्या प्रत्येक अर्जाचं पहिलं पान होतं: अर्जदाराचे नाव, पालकाचे नाव, पालकाचा मोबाईल, कुटुंबातील इतर व्यक्ती. ते तिनं डोळे झाकून भरलं. हात आपोआप चालला.

"आता शेवटची चाचणी," कोष्टी म्हणाले. "बंधांक."

हा फ्रीजचा नवा नियम होता. काही वर्षांपूर्वी तिथं बाहेरून आलेली कुत्री अचानक खाणं सोडू लागली. आजार कुठलाच नाही. ती दाराकडे तोंड करून बसायची आणि उठायचीच नाहीत. तपासाअंती कळलं की ती कुणाची तरी वाट बघत होती. मागं राहिलेल्या आजीची, शेजाऱ्याची, एक तर वॉचमनची. कुत्र्याच्या मेंदूत वासाचा रस्ता थेट आनंदाच्या केंद्रापाशी जातो. आवडत्या माणसाचा नुसता कपडा हुंगला तरी ते केंद्र पेटतं, समोर ते माणूस असो नसो. पूर्वी हे बघायला खोलीएवढं यंत्र लागायचं. आता मेंदूतले बारीक चुंबकीय तरंग टिपणारी एक टोपी निघाली होती. ती घालायची, माणसाचा कपडा हुंगवायचा आणि शून्य ते एक असा आकडा घ्यायचा. तो बंधांक. मागं राहणाऱ्या कुठल्याही माणसाशी बंधांक शून्य पूर्णांक एकच्या वर असेल, तर फ्रीजचं दार बंद.

तहसीलदारांनी टोपी घातली. टोपीला कानांसाठी भोकं होती आणि त्यातून एकच कान बाहेर आला. तशा अवस्थेतही ते जमीन महसुलाच्या बैठकीला बसल्यासारखे दिसत होते. रेवतीनं सांगितल्याप्रमाणे दोन कपडे आणले होते, दोन पिशव्यांत, वर नावं लिहून. स्वतःचा एक टी-शर्ट आणि अप्पांची एक जाळीची बनियन. बनियन तिनं सकाळी धुण्याच्या बादलीतून उचलली होती.

कोष्टींनी आकडे वाचले. "भूपाल मगदूम, शून्य पूर्णांक एक्याण्णव. रेवती मगदूम, चौऱ्याहत्तर."

एक्याण्णव रेवतीला बारावीलाही पडले नव्हते.

"दोनपैकी एक खाली आणावा लागेल," कोष्टी म्हणाले. "विसर-लसीनं."

ही लस नव्हतीच खरं म्हणजे, पण लसीकरणाच्या पुस्तिकेत एक रकाना मोकळा होता. कोष्टींनी ते नीट समजावलं. आठवण म्हणजे ट्रंकेत ठेवलेली पैठणी. बाहेर काढली की घडी मोडते, परत ठेवायची तर पुन्हा घडी घालावी लागते. मेंदूला ही घडी घालायला काही प्रथिनं लागतात. इंजेक्शन ती प्रथिनं सहा तास अडवतं. म्हणजे काय करायचं, इंजेक्शन द्यायचं आणि त्या माणसाचा कपडा हुंगवायचा. आठवण बाहेर येते, घडी मोडते आणि परत जातच नाही. तीन आठवड्यांच्या अंतरानं तीन डोस. ज्याला ठेवायचं त्याचा कपडा घट्ट पिशवीत बंद, त्याच्या वासाचा कणही खोलीत नको. म्हणून घरच्यांनीही ते सहा तास बाहेरच बसायचं.

"दुखतं का?" रेवतीनं विचारलं.

"त्याला नाही."

"आणि... ते माणूस परत समोर आलं तर?"

"अनोळखी माणूस. चांगलं असेल तर ओळख होईल नव्यानं. मग करू सुरू? जे मागं राहणार ते पुसायचं. बरोबर?"

"हं."

"फॉर्मवर आहे तसं करतो."

इथं रेवतीनं 'अप्पांना पुसा' एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द. ते तिच्या तोंडातून निघेनात. बापाच्या बनियनची पिशवी समोर टेबलावर पडलेली असताना ते कसे निघणार? ती लोकरीच्या मांजराकडे बघत म्हणाली, "करा तसं."

"पालकाच्या मोबाईलवर ओटीपी जाईल."

घरातले सगळे ओटीपी अप्पांच्या मोबाईलवरच जात. गॅसचा, विजेचा, आधारचा, तिच्या पगाराच्या खात्याचासुद्धा. तिनं फोन लावला. "अप्पा, एक ओटीपी आला असेल बघा. जंताच्या इंजेक्शनचा."

"थांब. हां. चार... सात... शून्य... शून्य... दोन... नऊ. एवढा मोठा जंत?"

फोन ठेवून ती कोष्टींना म्हणाली, "माणसांसाठी नाही का हो निघाली अशी लस?"

"माणसांना लागत नाही, मॅडम," सिरिंजमधली हवा काढत कोष्टी म्हणाले. "व्हिसा लागला की आपोआप होतं. दिवाळीचा व्हिडिओ कॉल म्हणजे बूस्टर."

*

"माझी बनियन कुठं गेली गं? जाळीची?"

"दोरीवरून उडाली असेल."

अप्पांनी गॅलरीत जाऊन बोट ओलं करून वर धरलं. "वारं कुठाय?" ते म्हणाले, आणि पुन्हा विचारलं नाही.

पहिल्या डोसानंतर चार दिवसांनी रेवती बाहेरून आली, तेव्हा तहसीलदार दारापाशी आले नाहीत. एरवी ते येत, पाय हुंगत आणि शेपटी दोनदा हलवून तपासणी संपल्याचं कळवत. त्या दिवशी ते लांबूनच बघत राहिले. मग हळूहळू आले आणि कुरिअरवाल्याचं हुंगतात तसं तिचं पाऊल हुंगलं. दोनदा.

ती चपला काढत तिथंच उभी राहिली. ह्याला कळलंय, तिच्या मनात आलं. कुत्र्याला सगळं कळतं. आपण काय करतोय ते ह्याला कळलंय आणि हा रुसलाय.

तसं नसतं तर ते अप्पांच्या इतकं मागं मागं कशाला फिरले असते? अप्पा संडासात गेले की बाहेर बसायचं, अप्पा पेपर वाचायला लागले की पेपरावर बसायचं. लसीच्या पत्रकात लिहिलं होतं, की 'पुसली जाणारी आठवण विझत्या दिव्याप्रमाणे काही काळ उसळी घेऊ शकते.' रेवतीनं ते वाक्य फोटो काढून ठेवलं. दिवसातून दोनतीनदा ती तो फोटो बघायची. हा निरोप घेतोय, तिला वाटायचं, चार पायांचा हा जीव निरोप घेतोय आणि आपण त्याच्यासाठी पिंजऱ्याची मापं घेतोय. लस अप्पांवर अजून चालत नाहीये ह्याचा तिला मनातून आनंद व्हायचा. मग आनंद झाल्याचं वाईट वाटायचं. मग ती अप्पांना काहीतरी करून घालायची. त्या तीन आठवड्यांत अप्पांनी पाच वेळा शेंगाच्या पोळ्या खाल्ल्या.

"काय गं," सहाव्यांदा ताट बघून ते म्हणाले, "डॉक्टरांनी माझं काय सांगितलंय काय तुला?"

"नाही हो, अप्पा!"

"मग एवढं कशापायी? फाशीच्या कैद्याला घालावं तसं घालायलीस."

दुसऱ्या डोसाला तिनं पुन्हा फोन लावला. "अप्पा, ओटीपी."

पलीकडून काहीच आलं नाही.

"अप्पा?"

"हाय की. चष्मा शोधायलोय."

"मोठ्या अक्षरात असतो तो, बिनचष्म्याचा दिसतो तुम्हाला."

"हां." पुन्हा बराच वेळ गेला. मग अप्पांनी सहा आकडे सांगितले. एका दमात, मध्ये न थांबता, आणि विनोद न करता फोन ठेवला.

त्यानंतर तहसीलदार रेवतीवर भुंकू लागले. तिच्याच घरात. ती स्वयंपाकघरात गेली की गुरगुर, गॅलरीत गेली की गुरगुर. रात्रीच्या जेवणाला ते अप्पा आणि ती यांच्यामध्ये पाठीचा कणा ताठ करून बसायचे, बंदोबस्ताला नेमल्यासारखे. "ए, घरातलं माणूस हाय ते," अप्पा म्हणायचे, पण तिच्याकडे बघायचे नाहीत. रेवतीला वाटायचं, बघत नाहीत म्हणजे त्यांनाही कळलंय. ती पाणी प्यायला उठायची आणि उठली म्हणून पुन्हा भुंकणं.

एकदा ती त्याच्यापुढं मांडी घालून बसली. "तुला राग आलाय ना? येऊ दे. मी वाईटच आहे. पण तिकडे गेल्यावर आपण दोघंच असणार आहोत रे, साहेब." तहसीलदारांनी तिचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि उठून अप्पांच्या खोलीत गेले. हे ते पूर्वीही करायचे, म्हणून तिनं मनावर घेतलं नाही. म्हणजे तसं स्वतःला सांगितलं.

तिसऱ्या डोसाच्या सकाळी तिनं बादलीतून दुसरी बनियन उचलली. पहिलीचा वास कमी झाला होता. ओल्या कपड्यांत हात घालताना मागं पावलं वाजली असं वाटलं. वळून बघितलं तर कुणी नव्हतं, मोरीच्या दारात फक्त तहसीलदार उभे होते, चोर पकडल्याच्या चेहऱ्यानं.

*

डोसानंतर आठवड्यानं प्रमाणपत्र मिळायचं होतं. कोष्टींनी टोपी घातली, कपडे हुंगवले, छपाई काढली आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसूसारखं काहीतरी आलं.

"अभिनंदन. एवढा स्वच्छ निकाल क्वचित लागतो. ठेवलेला बंध चौऱ्याण्णव, वाढलाय. पुसलेला शून्य पूर्णांक शून्य तीन." त्यांनी शिक्का मारला. "मग पालक कधी निघणार?"

"सोळा तारखेला."

"एवढ्या थंडीत? ह्या वयात झेपेल त्यांना?"

"कुणाला?"

"पालकांना."

"पालक मीच आहे की," रेवती म्हणाली.

कोष्टींनी अर्जाचं पहिलं पान आपल्याकडे फिरवून वाचलं, मग तिच्याकडे फिरवलं. "तुम्ही 'इतर' आहात, मॅडम."

तिनं वाचलं. पालकाचे नाव: श्री. भूपाल आदगोंडा मगदूम. कुटुंबातील इतर व्यक्ती (मागे राहणाऱ्या): कु. रेवती भूपाल मगदूम. अक्षर तिचंच होतं. 'पालकाचे नाव'मधला 'भू' थोडा उडता आला होता, शाळेत यायचा तसा.

"गेल्या वर्षापर्यंत तिथं 'मालकाचे नाव' होतं," कोष्टी म्हणाले. "प्राणीमित्र म्हणाले, मालक कसला, तो काय टेबल-खुर्ची आहे? मग 'पालक' केलं. तेव्हापासून दोनतीन महिन्यांत एखादं असं येतंच. लोक सवयीनं वडिलांचं नाव लिहितात. पण त्यात वडील तरी फोन करतात."

"वडील कशाला फोन करतील?"

"ओटीपीचा मेसेज वाचून." त्यांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. तिथं तो मेसेज होता, तीन वेळा, तीन तारखांचा. 'आपल्या प्राण्याच्या स्मरणातून कु. रेवती भूपाल मगदूम यांना कमी करण्यास आपली संमती असल्यास पुढील क्रमांक सांगावा.'

बाहेर बाकाला बांधलेले तहसीलदार तिला बघून उभे राहिले आणि भुंकले. रुसलेले नव्हते ते. ते कधीच रुसले नव्हते. एक अनोळखी बाई दरवाजातून बाहेर येत होती, म्हणून भुंकले.

"दुरुस्ती होत नाही का?" ती म्हणाली.

"नावात होते," कोष्टी म्हणाले. "प्रतिज्ञापत्र लागेल. मेंदूत होत नाही." थोडं थांबून त्यांनी टेबलावरचं लोकरीचं मांजर उगीच सरळ केलं. "मी विचारलं होतं तुम्हाला. फॉर्मवर आहे तसं करू का म्हणून."

"हो," रेवती म्हणाली. "मी नाव घेतलं नाही."

*

अप्पा गॅलरीत शेंगा सोलत बसले होते. पट्टा सोडल्यावर तहसीलदार झेप घेऊन त्यांच्यापाशी गेले. रेवतीनं प्रमाणपत्र शेंगांच्या परातीत ठेवलं. अप्पांनी ते वाचलं. खिशातून चष्मा काढून लावला आणि परत वाचलं, वाचायचं बाकी असल्यासारखं.

"कळलं व्हय तुला," ते म्हणाले.

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्यांदा न्हाई वाचलं. देवाशपथ. दुसऱ्यांदा वाचलं."

"मग फोनवर बोलला का नाहीत? 'रेवे, काहीतरी चुकतंय', एवढं म्हणायचं!"

अप्पांनी एक शेंग फोडली. दाणे तहसीलदारांना दिले, टरफल परातीत टाकलं. मग त्यांना कळलं की ते प्रमाणपत्रावर पडलं, ते त्यांनी उचललं.

"तुझ्या पिशवीत माझी बनियन दिसली हुती. वर नाव लिवलेलं, भूपाल मगदूम. शाळंच्या डब्यावर लिवतात तसं. त्या कोष्टीच्या केंद्राचं पत्रक बी तिथंच हुतं. वाचलं. म्हटलं, पोरगी मला पुसायला निघाली."

रेवतीनं हातातला पट्टा गुंडाळला.

"मग तो मेसेज आला. बघतोय तर सरकार तुलाच पुसतंय." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "गप बसलो. म्हटलं, ह्यो तरी ऱ्हाईल."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा तर चष्मा लावूनच वाचलं."

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला.

"तुम्हीच म्हणाला होतात, घेऊन जा म्हणून," रेवती म्हणाली. इतके दिवस जपून ठेवलेलं वाक्य तिनं बाहेर काढलं आणि काढल्या काढल्या त्याची घडी मोडली.

"म्हणतोय की माणूस. तुझ्या आईला बी दवाखान्यात म्हणालो हुतो, तू जा निवांत, माझं मी बघतो." त्यांनी हात झटकले. "तेव्हा तरी कुठं खरं हुतं?"

रेवती खाली बसली. तहसीलदारांनी लगेच मान उचलून गुरगुर केली. तिनं हात पुढं केला, त्यांनी तो बाहेरच्या माणसाचा हुंगावा तसा हुंगला आणि आपली जागा बदलून अप्पांच्या दोन पायांच्या मध्ये बसले. चार वर्षांपूर्वी ह्याच गॅलरीत ओढणीतून उतरल्यावर ते तिच्या चपलेत झोपले होते. ते आता कुणालाच आठवत नव्हतं. म्हणजे तिला सोडून.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"माझं जास्त. तू न कळत केलंस."

"मी कळून करत होते, अप्पा. फक्त उलटं झालं."

अप्पा उठले, आत गेले आणि अंगातली बनियन काढून, वर नुसता शर्ट घालून, ती हातात घेऊन आले. "धर. घाल."

"काय?"

"घाल म्हणतोय न्हवं. एवढ्या चोरल्यास, एक दिलेली घे."

तिनं ती कुर्त्यावरून घातली. ती गुडघ्यापर्यंत आली. जाळीचं ते ध्यान बघून समोरच्या गॅलरीतल्या बाईंनी कपडे वाळत घालणं थांबवलं.

तहसीलदार उठले. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, चेहरा अनोळखी होता. त्यांनी पोटाशी नाक नेलं, तिथं अप्पा होते. त्यांनी मागं वळून बघितलं, तिथंही अप्पा होते. असं प्रकरण त्यांच्यासमोर कधीच आलं नसावं. ते दोघांच्या मध्ये गोल फिरले, दोनदा, आणि मग निर्णय पुढच्या तारखेवर टाकावा तसे तिच्या मांडीशी येऊन बसले. थोड्या वेळानं हनुवटी टेकली.

रेवती हलली नाही. मान खाली घालायला लागली आणि वास आला. हळद, घाम, थोडं खोबरेल. धुण्याच्या बादलीतून दोनदा उचलली तेव्हा तिनं श्वास रोखून धरला होता.

"बघ," अप्पा म्हणाले, "ओळख व्हायलीय. नऊ दिवस हाईत. रोज थोडी थोडी बनियन कमी कर."

"कशी कमी करू?"

"मला काय म्हाईत. सायन्स तू शिकलीस."

*

पंधरा तारखेला ती पुन्हा विश्रामबागेत गेली. तहसीलदारांची फाईल बंद करायची होती. गेल्या आठ दिवसांत मामला बनियनवरून बनियनच्या पट्टीवर आला होता, आणि काल पट्टी नसतानाही तहसीलदारांनी तिच्या हातची अर्धी भाकरी खाल्ली होती. नंतर गुरगुरले, पण आधी खाल्ली होती.

"आणखी एक," तिनं पिशवी काढली. आत दोन बनियन होत्या, न धुतलेल्या, घट्ट झाकणाच्या डब्यात. "ह्या मला न्यायच्यात."

कोष्टींनी डब्याकडे पाहिलं. कुणासाठी असं त्यांनी विचारलं नाही. "जैविक गंध असलेलं वस्त्र. परवाना लागतो." त्यांनी खण उघडला. "कुत्र्याचाच फॉर्म आहे, माणसांचा वेगळा छापलेला नाही. 'प्राणी' खोडा आणि 'प्रवासी' लिहा."

तिनं खोडलं आणि लिहिलं. प्रवाशाचे नाव. पालकाचे नाव: श्री. भूपाल आदगोंडा मगदूम. हात आपोआप चालायला लागला तसा तिनं तो थांबवला आणि एकेक अक्षर सावकाश काढलं. 'भू' उडू दिला नाही.

शेवटचा रकाना होता: विसर-लस घेतली आहे काय?

तिनं लिहिलं, नाही. अक्षर पुसट आलं, म्हणून त्यावरून पेन पुन्हा एकदा फिरवलं.